नव्या .२२ सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात पुंगळी अडकते तेव्हा: दोष नेमका कुठे शोधावा

कोल्हापूरच्या नेमबाजीचे नाव निघते ते बहुधा रायफलच्या संदर्भात. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले. या दोन्ही प्रकारांतील रायफलमध्ये प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते आणि बोल्टही (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) हातानेच ओढावा लागतो. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यातील शस्त्र मात्र सेमी-ऑटोमॅटिक असते. रिकामी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचे कवच) बाहेर फेकणे आणि पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या जागेत, बसवणे ही दोन्ही कामे ते स्वतःच करते. रायफलवरून किंवा एअर पिस्तुलावरून या प्रकाराकडे वळणारा नेमबाज नवे पिस्तूल हाती घेतो, काडतुसांच्या पहिल्या काही डब्यांतच पुंगळी अडकू लागते, आणि तो ठामपणे सांगतो की एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) खराब आहे.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचे ठरते, कारण ते बोल्ट-ॲक्शन रायफलच्या अनुभवातून आलेले असते. त्या रायफलमध्ये पुंगळी खरोखरच एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याने ओढली जाते आणि त्यामागे हाताचे बळ असते. .२२ लाँग रायफल काडतुसाचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल मात्र सर्वसाधारणपणे ब्लो-बॅक पद्धतीने चालते. या काडतुसाचा कमाल दाब सुमारे २४,००० पीएसआय, म्हणजे .२२३ सारख्या सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी स्फोटक असलेल्या) रायफल काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे बोल्टला कुलूप लावण्याची गरज भासत नाही. बोल्टचे वजन आणि त्याला परत पुढे आणणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच काम भागते. बार उडाला की वायूचा दाब गोळीला पुढे आणि पुंगळीला मागे ढकलतो, आणि ती मागे सरकणारी पुंगळीच बोल्टला मागे रेटते. थोडक्यात, या शस्त्रात उडालेली पुंगळी ओढली जात नसून ढकलली जाते. ती बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरवर आपटेपर्यंत बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवणे आणि न उडालेली गोळी हाताने बाहेर काढताना तिला पकडणे, ही एक्स्ट्रॅक्टरची मुख्य कामे होत. अनेक ब्लो-बॅक शस्त्रे एक्स्ट्रॅक्टर मोडल्यानंतरही काही फैरी सुरळीत झाडतात, ते याच कारणाने. सेमी-ऑटोमॅटिक .२२ रायफलींपैकी बहुतेक याच जातीच्या असल्याने पुढील विवेचन त्यांनाही लागू पडते. वायूच्या जोरावर कुलूप उघडणाऱ्या मोठ्या सेंटरफायर रायफलींची गोष्ट वेगळी आहे, आणि इंटरनेटवर सापडणारा बराचसा सल्ला त्या रायफलींसाठीच लिहिलेला असतो, हे लक्षात ठेवावे.

अडकल्याबरोबर काय करावे

पिस्तुलाचे तोंड लक्ष्याच्या दिशेलाच ठेवावे, बोट ट्रिगरवरून काढावे आणि काही क्षण तसेच थांबावे. त्यानंतर मॅगझीन काढावे आणि स्लाईड (बोल्टसह मागेपुढे सरकणारा भाग) मागे घेऊन चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे. बाराचा आवाज नेहमीपेक्षा फुसका आला असेल, तर गोळी नळीतच राहिली नाही ना याची खात्री झाल्याशिवाय दुसरी गोळी भरू नये.

चेंबरमध्ये राहिलेली वस्तू रिकामी पुंगळी आहे की जिवंत गोळी, हे निश्चित होईपर्यंत ती जिवंत गोळीच आहे असे समजून वागावे. .२२ हे रिमफायर काडतूस आहे. त्याचे स्फोटक मिश्रण मध्यभागी नसून रिमच्या, म्हणजे बुडाच्या काठाच्या, पोकळ घडीत भरलेले असते. म्हणून जिवंत गोळीची रिम पेचकसाने किंवा चाकूच्या टोकाने उचकटणे म्हणजे स्फोटक जिथे आहे नेमके तिथेच लोखंड लावण्यासारखे आहे. पुंगळी रिकामी असल्याची खात्री असेल, तर नळीच्या तोंडातून घातलेल्या क्लीनिंग रॉडने हलका रेटा दिला की ती बाहेर येते. जिवंत गोळी अडकली असेल तर रॉड मुळीच घालू नये. शस्त्र सुरक्षित दिशेला धरून रेंज ऑफिसरला बोलवावे आणि पुढचे काम आर्मररवर (शस्त्रदुरुस्तीच्या जाणकारावर) सोपवावे.

पुंगळी काय सांगते

या तक्रारीत सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे अडकलेली पुंगळी, आणि नेमकी तीच चिडून बादलीत फेकली जाते. तसे न करता ती बाजूला ठेवावी, कोणत्या मॅगझीनची कितवी गोळी होती ते वहीत लिहावे, आणि घड्याळजी वापरतात तसल्या भिंगाखाली ती तपासावी.

पहिला प्रश्न जागेचा आहे. पुंगळी बाहेर येऊन स्लाईडच्या खिडकीत उभी अडकली असेल, ज्याला नेमबाज स्टोव्हपाईप म्हणतात, तर ती चेंबरमधून निघालेली आहे. तिथे दोष पुंगळी काढण्याचा नसून फेकण्याचा आहे, किंवा स्लाईड पुरेशी मागे गेलेली नाही. पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसून राहिली आणि पुढची गोळी तिच्यावर येऊन आदळली असेल, तरच पुंगळी न निघण्याची खरी तक्रार आहे असे समजावे. हा भेद न करता केलेली दुरुस्ती अंदाजपंचे ठरते.

दुसरा प्रश्न रिमवरील खुणांचा. काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या फायरिंग पिनचा ठसा रिमवर उमटलेला असतो, आणि तो पिस्तुलात कोणत्या बाजूला पडतो हे ठाऊक असल्यामुळे ती पुंगळी चेंबरमध्ये कशी बसली होती हे नेमके कळते. आता एक्स्ट्रॅक्टरच्या बाजूला पाहावे. तिथे रिम खरवडलेली किंवा किंचित फाटलेली दिसत असेल, तर आकड्याने पकड घेतली होती पण पुंगळी हलली नाही, म्हणजे अडचण चेंबरमध्ये आहे. तिथे कसलीच खूण नसेल तर आकडा रिमपर्यंत पोहोचतच नाही, आणि मग त्याच्या मागे साचलेली घाण किंवा त्याची स्प्रिंग यांच्याकडे वळावे.

पुंगळीच्या अंगावर लांबीच्या दिशेने ओरखडा असेल, आणि प्रत्येक पुंगळीवर तो पिनच्या ठशापासून तेवढ्याच अंतरावर येत असेल, तर चेंबरच्या त्या जागी धातूची धार उठलेली आहे. अंगावर एका बाजूने काजळी पसरली असेल तर दाब कमी पडून पुंगळीने चेंबर नीट बंद केलेले नाही, असे मानण्यास जागा आहे. रिमजवळ पुंगळी फुगलेली किंवा फाटलेली दिसली, तर गोळीबार तत्काळ थांबवावा; अशा वेळी बोल्ट पूर्ण बंद होण्याआधीच बार उडत असण्याची शक्यता असते, आणि त्यावर घरी करण्याजोगा इलाज नाही.

चेंबरपासून सुरुवात

नवे पिस्तूल म्हणजे स्वच्छ पिस्तूल, ही समजूत सोडून द्यावी. कारखान्यातून शस्त्र निघते तेव्हा त्याला गंज लागू नये म्हणून जाडसर तेल किंवा ग्रीस लावलेले असते, आणि ते चेंबरमध्ये, बोल्टच्या तोंडावरील खोलगट जागेत व एक्स्ट्रॅक्टरच्या मागेही जाते. पहिल्याच मॅगझीनच्या उष्णतेने ते मऊ होते, त्यात काजळी मिसळते आणि चिकट थर बनतो. याशिवाय .२२ ची शिशाची गोळी बाहेरून मेणाने किंवा ग्रीसने माखलेली असते. ते मेण, शिसे आणि काजळी यांचे कडे चेंबरच्या पुढच्या टोकाला जमत जाते. स्पर्धेच्या पिस्तुलाचे चेंबर अचूकतेसाठी घट्ट मापाचे कापलेले असल्यामुळे एवढासा थरही पुंगळीला धरून ठेवण्यास पुरतो.

म्हणून पहिली गोळी झाडण्यापूर्वीच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे शस्त्र उघडून ते तेल पूर्णपणे पुसून काढावे. चेंबरमध्ये .२२ मापाचा ब्राँझचा ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून, शक्य असेल तर मागच्या बाजूने, घालावा आणि थोडे फिरवून काढावा. नंतर कोरडे कापड पांढरे निघेपर्यंत फिरवावे. एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यामागची घाण लाकडी टूथपिकने निघते. चेंबर कोरडे राहिले पाहिजे. पुंगळी सहज सुटावी म्हणून तिथे तेलाचा थेंब सोडण्याची युक्ती काही जण सांगतात, पण तेलकट चेंबरच्या भिंतींना पुंगळी धरून राहत नाही, त्यामुळे बोल्टवर येणारा मागचा जोर वाढतो आणि नवी काजळीही तिथेच चिकटते. तेल हवे ते स्लाईडच्या रुळांना, तेही बोटाने पुसून घेतल्यावर जेवढे राहील तेवढेच.

सफाईनंतर एक साधी परीक्षा करता येते. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, थंड आणि स्वच्छ चेंबरमध्ये त्याच पिस्तुलातून उडालेली न फुगलेली पुंगळी बोटाने बसवून पाहावी. ती बोटाच्या दाबाने आत जाऊन नखाने बाहेर आली पाहिजे. एका ठराविक जागी ती अडत असेल, तर चेंबरच्या तोंडाची कड भिंगाखाली तपासावी.

त्या कडेवर चपटा खळगा दिसला तर कारण बहुधा ड्राय फायर असते. ट्रिगरच्या सरावासाठी रिकामे पिस्तूल चालवणे ही एअर पिस्तुलाच्या नेमबाजांची चांगली सवय. परंतु रिमफायर शस्त्रात गोळी नसताना फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते. तिथला धातू दबून आत सरकतो आणि पुंगळीला चिमटीत धरतो. स्पर्धेच्या बऱ्याच पिस्तुलांत ड्राय फायरसाठी वेगळी सोय असते. ती नसल्यास डमी काडतूस वापरावे. दबलेली कड पूर्ववत करण्याचे खास अवजार मिळते, मात्र ते आर्मररच्याच हाती असावे.

गोळी आणि स्प्रिंग

चेंबर स्वच्छ असूनही तक्रार टिकली तर काडतुसाकडे वळावे. स्टँडर्ड व्हेलॉसिटी .२२ गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली असतो, तर हाय व्हेलॉसिटी गोळी तो ओलांडून जाते. स्पर्धेची पिस्तुले स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी जुळवलेली असतात. जास्त वेगाची गोळी घातली की पिस्तूल चालू लागते, असा अनुभव काहींना येतो आणि तोच सापळा आहे. चेंबरमध्ये दाब असतानाच बोल्ट उघडू लागतो, रिम ताणली जाते आणि स्लाईड दर बाराला मागच्या थांब्यावर आदळत राहते. याउलट रायफलसाठी बनवलेली मंद गोळी घेतली, तर ऊर्जा कमी पडून स्टोव्हपाईप होतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही (उत्पादनाच्या खेपांमध्येही) फरक पडतो. आपल्याकडे काडतुसे हवी तेव्हा हवी तेवढी मिळत नाहीत, त्यामुळे हाती येईल तो डबा उघडण्याचा मोह होतो; तरीही चाचणीच्या वेळी एका मॅगझीनमध्ये दोन लॉट कधीही मिसळू नयेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिची नोंद करावी.

नवी रिकॉइल स्प्रिंग कडक असते आणि काही शे फैरींनंतर ती सैलावते. तोपर्यंत शेवटच्या गोळीनंतर स्लाईड उघडी राहते की नाही, यावर लक्ष ठेवावे. ही सोय असलेल्या पिस्तुलात ती वारंवार बंदच होत असेल, तर स्लाईडचा प्रवास अपुरा पडतो आहे. काही उत्पादक वेगवेगळ्या ताणाच्या स्प्रिंगा देतात. त्यांतली योग्य ती बसवावी. असलेल्या स्प्रिंगेचे वेढे कापून ती हलकी करणे हा उपाय नव्हे.

नेमबाजाचा हातही तपासावा, आणि हे सांगताना वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. मनगट सैल असेल तर संपूर्ण पिस्तूल स्लाईडबरोबर मागे जाते आणि स्लाईडच्या वाट्याची ऊर्जा तिथेच संपते. तेच पिस्तूल, तेच मॅगझीन आणि त्याच डब्यातील गोळ्या अनुभवी नेमबाजाने झाडल्यावर एकही अडथळा येत नसेल, तर पेचकस खाली ठेवावा.

मॅगझीनवर मार्करने क्रमांक टाकावेत. तक्रार एकाच क्रमांकाबरोबर फिरत असेल तर उत्तर मिळाले.

एक्स्ट्रॅक्टर केव्हा दोषी

तीन लक्षणांवरून त्याच्याकडे बोट दाखवता येते. रिमवर आकड्याची खूणच नसणे हे पहिले. दुसरे, अडथळा मुख्यतः मॅगझीनमधील शेवटच्या गोळीला येणे. कारण आधीच्या पुंगळ्यांना खालच्या गोळीचा आधार मिळतो, तो शेवटच्या पुंगळीला मिळत नाही आणि आकड्याची ढिली पकड उघडी पडते. तिसरे लक्षण सर्वांत गंभीर आहे: उडालेल्या पुंगळ्या व्यवस्थित निघतात, पण न उडालेली गोळी स्लाईड ओढूनही चेंबरमध्येच राहते. उडालेल्या पुंगळीला वायू ढकलतो, जिवंत गोळीला मात्र एक्स्ट्रॅक्टरशिवाय कोणी नाही. मॅगझीन काढले, स्लाईड ओढली, काहीच बाहेर पडले नाही, म्हणून पिस्तूल रिकामे आहे असे समजून ट्रिगर ओढणारा माणूस अपघाताच्या उंबरठ्यावर असतो. ही तक्रार एकदा जरी आली तरी ते पिस्तूल दुरुस्त होईपर्यंत वापरू नये, आणि चेंबर डोळ्यांनी पाहून सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण म्हणून घालायची पट्टी) घातल्याशिवाय शस्त्र रिकामे मानू नये.

नव्या शस्त्रात आकडा झिजलेला क्वचितच असतो. त्याच्या खाचेत राहिलेली धातूची बारीक कीस किंवा कोटिंगचा जाड थर त्याला मोकळेपणाने हलू देत नाही, असे अधिक वेळा आढळते. शस्त्र रिकामे असताना आकडा टूथपिकने बाहेर ढकलून सोडावा. तो झटकन परत आला पाहिजे. तो रेंगाळत परत येत असेल तर आधी खाच साफ करावी, मग स्प्रिंग बदलावी आणि त्यानंतरच आकडा. त्याची आतली कड धारदार आणि योग्य कोनातच असावी लागते. कानस लावून तिला धार देण्याच्या प्रयत्नात तो कोन जातो आणि चांगला भाग निकामी होतो.

उद्यमनगरचा मोह

आपल्या कोल्हापुरात कारखान्यातून दुरुस्ती करून घेण्याचा मोह खरा आहे. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत असा कारागीर सहज भेटतो, की जो मायक्रॉनमध्ये काम करतो आणि चेंबरला आतून पॉलिश मारणे त्याच्या दृष्टीने चहा येईपर्यंतचे काम असते. त्याच्या कौशल्याविषयी शंका नाही. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्राची दुरुस्ती करणे हा गुन्हा आहे, आणि त्यात शस्त्रधारकाबरोबर तो कारागीरही अडकतो. तांत्रिक बाजूही तितकीच भक्कम आहे: चेंबर किंचित मोठे झाले की पुंगळ्या फुगू लागतात, काजळी वाढते आणि अचूकता जाते, काढलेला धातू परत लावता येत नाही.

पावसाळ्यातील काळजी

जून ते सप्टेंबर या काळात कोल्हापुरात काही तक्रारी नव्याने उगवतात. पिस्तुलाच्या पेटीतील फोम ओल धरून ठेवतो, आणि सरावानंतर न पुसता ठेवलेल्या चेंबरमध्ये गंजाचे सूक्ष्म खड्डे पडू लागतात. पुंगळी दाबाने फुगून त्या खड्ड्यांत बसते. म्हणून पावसाळ्यात त्याच संध्याकाळी सफाई करावी, चेंबरला तेलाचा पातळ हात द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गोळीपूर्वी तो पूर्णपणे पुसावा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. उन्हाळ्यात काडतुसांचा डबा बंद गाडीत ठेवू नये. मेण वितळून डब्यात उतरते आणि चेंबरमध्ये चिकटा वाढतो.

स्पर्धेत पुंगळी अडकली तर

इथे हात आवरणे महत्त्वाचे. पुंगळी न निघणे किंवा न फेकली जाणे हा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ग्राह्य बिघाड आहे. परंतु अधिकाऱ्याने पाहण्यापूर्वी नेमबाजाने स्लाईडला किंवा यंत्रणेला हात लावला, तर तोच बिघाड अग्राह्य ठरतो. सरावात अडकलेली पुंगळी झटक्यात काढण्याची सवय हाताला लागलेली असते, आणि रॅपिड फायरच्या चार सेकंदांत हात विचारण्यापूर्वीच हलतो. म्हणून सरावातसुद्धा पिस्तूल लक्ष्याकडे ठेवून मोकळा हात वर करण्याचीच सवय लावावी. निदानासाठीही तेच सोयीचे आहे, कारण पुंगळी ज्या स्थितीत अडकली त्याच स्थितीत तिचा फोटो काढता येतो.

एवढे करूनही दोष राहिला, तर पिस्तूल वॉरंटीखाली विक्रेत्यामार्फत परत पाठवावे. सोबत केवळ ‘पुंगळी अडकते’ असे लिहिल्यास ते तिकडे त्यांच्या गोळीने चालवून पाहतात आणि दोष आढळला नाही असा शेरा मारून परत पाठवतात. त्याऐवजी अडकलेल्या पुंगळ्या आणि तुलनेसाठी नीट निघालेल्या काही पुंगळ्या वेगवेगळ्या पाकिटांत घालाव्यात, प्रत्येक पाकिटावर काडतुसाचे नाव, लॉट क्रमांक, मॅगझीनचा क्रमांक आणि कितवी गोळी ते लिहावे, बिघाडाचे फोटो व वहीतील पानांची प्रत जोडावी, आणि शस्त्र पाठवण्यापूर्वी वाहतुकीची कागदपत्रे परवान्याशी ताडून पाहावीत.